रहमानीला कातडं चढवताना

ओमानला जाऊन आले म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका पहिला प्रश्न विचारतात, सोनं किती आणलं? दुसरा विचारतात, तिकडं बुरखा घालावा लागतो का? सोनं आणलं नाही आणि बुरखाही घालावा लागला नाही. खजुराचा डबा आणला होता, तो अंगणवाडीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणींनी दोन दिवसांत संपवला. तिथं काय पाहिलं हे मात्र कुणी नीट विचारलं नाही, म्हणून लिहायला बसले. माणसांची नावं मी बदलली आहेत. मुलाचं आडनाव तेवढं लिहीत नाही. ते त्यानं स्वतःच एकदा बदललंय, आता मी आणखी कशाला बदलू?

रुवी

२०१६चा जानेवारी. विमानातून उतरले तेव्हा वाटलं, आपण चुकून मे महिन्यात आलो की काय. डोंगर म्हणावेत तर त्यांच्यावर गवताची काडी नाही. भट्टीतून काढलेल्या विटांचे ढीग रचून ठेवावेत तसे ते शहराच्या पाठीशी उभे. हवा मात्र थंड होती आणि रस्ते इतके स्वच्छ की पान खाणाऱ्या माणसाची पंचाईत व्हावी.

माझा मुलगा प्रशांत तिथं मोठमोठ्या इमारतींच्या एसीचं काम बघणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. घर रुवीत, तिसऱ्या मजल्यावर. रुवी म्हणजे मस्कतमधला आपल्या लोकांचा भाग. खाली पैसे पाठवायचं दुकान, शेजारी मल्याळी माणसाचं हॉटेल, समोर साड्यांचं दुकान. मेथी, गवार, अळूची पानंसुद्धा मिळतात. भाजीवाला बांगलादेशी, गिऱ्हाईक मराठी, भाव करायचा हिंदीत, आणि शेवटी दोघंही ‘खलास’ म्हणून मोकळे होतात. मला हे फार आवडलं. पहिल्याच आठवड्यात मी ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’ या दोन शब्दांवर अख्खा बाजार करून यायला लागले.

सून मेघना बोलायला गोड आणि कामाला चटपटीत. नात इरा दुसरीत. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, बाहुलीशीसुद्धा इंग्रजी. माझ्याशी मात्र ती ठरवून मराठी बोलायची. “आजी, तू चहा खाणार?” असं विचारायची आणि मी “हो, एक घास खाते” म्हणायची.

पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर प्रशांत माझ्याजवळ येऊन बसला. टीव्हीचा आवाज त्यानं कमी केला नाही.

“आई, इथं आपले लोक भेटतील. कुणी विचारलं तर तू शिक्षिका होतीस म्हणून सांग. आणि बाबांचं वाद्यांचं दुकान होतं.”

मी वळून त्याच्याकडं पाहिलं.

“खोटं नाहीये ना त्यात काही?” तो म्हणाला.

खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी अंगणवाडी सेविका होते, पोरांना गाणी शिकवायचे, म्हणजे शिक्षिकाच की. आणि त्याच्या बाबांचं दुकान होतं, फक्त ते गावाबाहेरच्या ओढ्याकडेला पत्र्याचं होतं. आम्ही मातंग. दोर वळायचा आणि हलगी मढवायची, हे आमच्या घरात चालत आलेलं काम. मालक, म्हणजे प्रशांतचे बाबा, हलगी वाजवायलाही जायचे आणि आसपासच्या गावांचे ढोल मढवायलाही. पण कातडं चुन्यात भिजवणं, केस काढणं, मांसाचे राहिलेले पदर खरवडणं, चिंचोक्याची खळ शिजवणं हे माझ्याकडं होतं. सकाळी अंगणवाडी, दुपारी कातडं. त्या कामावर प्रशांत शिकला. मंडळाच्या गणपतीला आमच्या ढोलाशिवाय मिरवणूक निघायची नाही, आणि मिरवणूक संपल्यावर प्रसाद आम्हाला देवळाच्या पायरीखाली मिळायचा. हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. तेव्हा त्याला असं का वाटतं, हे मला विचारायची गरज नव्हती.

“बरं,” मी म्हणाले.

सूरच्या वाटेवर

एका शुक्रवारी सूरला जायचं ठरलं. तिथं शुक्रवारी सुट्टी असते. सूर हे समुद्रकाठचं जुनं गाव, लाकडी गलबतं बांधणाऱ्यांचं. दोन गाड्या निघाल्या. एकीत आम्ही, दुसरीत प्रशांतच्याच कंपनीतले सुहास आणि त्यांची बायको वृंदा. दोघं मूळची पुण्याची, सदाशिव पेठेतली. वृंदा पन्नाशीच्या पुढची, हसतमुख. मला पहिल्या भेटीतच वाकून नमस्कार केला आणि “काकू, पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं” म्हणून मेघनाला मागं बसवलं.

वाट सुंदर आहे. डाव्या हाताला निळा समुद्र, उजव्या हाताला उघडे डोंगर, मधून काळा कुळकुळीत रस्ता. मधेच रस्त्यालगत जमिनीला एक प्रचंड भोक पडलंय आणि त्याच्या तळाशी हिरवंनिळं पाणी साठलंय. आकाशातून तारा पडला म्हणून ते झालं, असं तिथले लोक सांगतात. पायऱ्या उतरून लोक त्यात पोहतात. मी निम्म्यावर गेले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वृंदानं पर्समधली सेफ्टी पिन काढून तिथंच पायरीवर बसून माझी चप्पल हातात घेऊन जोडली. मला संकोचल्यासारखं झालं. ती म्हणाली, “अहो, त्यात काय एवढं!” खोटं कशाला लिहू, बाई मनानं चांगली होती.

खायला तिनं थालीपीठ आणलं होतं, मेघनानं इडल्या. रस्त्यावरच्या टपरीवर वेलची घातलेला घट्ट गोड चहा मिळाला. आणि बकऱ्या! जिथं गवताचं पातं नाही तिथं बकऱ्या कशावर जगतात देव जाणे. पुठ्ठा खाताना एक पाहिली. मी खिडकीतून त्यांच्या पाठी बघत होते. ही कातडी पातळ असणार, उन्हानं रापलेली, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. सवय जात नाही.

सूर

सूरला खाडीकाठी गलबतांचा कारखाना आहे. अर्धवट बांधलेलं एक गलबत मोठ्या माशाच्या सांगाड्यासारखं उभं होतं. तिथलं सगळं पाहून झाल्यावर आम्ही पाणी आणि हलवा घ्यायला एका दुकानात शिरलो. गल्ल्यावरचा म्हातारा आमचं बोलणं ऐकून उठूनच उभा राहिला. रत्नागिरीकडचे हसनमिया. उभा जन्म सूरमध्ये काढलेला.

“खंयचे तुमी?” त्यांनी विचारलं.

“पुण्याचे,” प्रशांत म्हणाला. आम्ही सांगली जिल्ह्यातले. पण ठीक आहे.

हसनमियांनी हलव्याचे पैसे घेतले नाहीत. उलट वर विचारलं, “ढोल बघायचाय काय? इथं मागच्या गल्लीत एक म्हातारा ढोल बनवतो. आता असले बनवणारे उरले नाहीत.”

मी काही बोलायच्या आत सुहास म्हणाले, “चला की! फोटो चांगले मिळतील.”

हसनमियाच आम्हाला तिकडं घेऊन गेले. म्हाताऱ्याचं नाव जुमा. उंच, काळाभोर, पांढरी विरळ दाढी, हाताची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झालेली. घरासमोरच्या अंगणात चटईवर बसला होता. त्याच्यासमोर रहमानी होता. रहमानी म्हणजे त्यांचा मोठा ढोल, खर्जाचा. त्याच्या जोडीला कासर नावाचा लहान ढोल असतो, तो वरच्या आवाजात बोलतो. लग्नात, ईदेला, गलबत पाण्यात उतरवताना ही जोडी वाजते. जुमा तरुणपणी गलबतावर खलाशी होता, मुंबईला कितीतरी वेळा येऊन गेलेला, त्यामुळं मोडकी हिंदी बोलायचा.

त्यानं आम्हाला बसवलं. खजूर आले, लहान कपांत कडवट कहवा आला. कप रिकामा झाला की तो भरत राहायचा. पुरे झालं की कप हलवून दाखवायचा असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. सुहासनी बिचाऱ्यांनी सात-आठ कप प्यायल्यावर हसनमियांनी त्यांची सुटका केली.

मग मी ढोलाजवळ सरकले. झाडाचं खोड आतून पोखरून काढलेलं, दोन्ही तोंडं उघडी. बाजूला पाण्याच्या टबात बकऱ्याचं कातडं भिजत होतं. तो वास! मालक जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तो वास नाकात शिरल्याबरोबर ओढ्याकडेचा पत्रा, चुन्याचं पिंप, सगळं डोळ्यांपुढं आलं. वृंदानं ओढणी नाकाला लावली. मी चटईच्या कडेला तशीच बसून राहिले.

आमची हलगी खळीनं चिकटवतात. कड्यावर ओलं कातडं ओढून बसवलं, सावलीत वाळवलं, झालं. रहमानीचं तसं नाही. कातड्याची कड लवचीक फांदीच्या कड्याभोवती गुंडाळतात, तिला भोकं पाडतात आणि दोन्ही तोंडांच्या भोकांतून एकच लांब दोर खालीवर नेत ओढत जातात. आमच्याकडं ढोल असाच आवळतात. दोर ओढायला दोन माणसं लागतात, एकानं ओढायचं, समोरच्यानं धरून ठेवायचं. जुमाच्या बोटांत तेवढी ताकद राहिली नव्हती आणि त्याचा भाऊ त्या दिवशी आला नव्हता.

“मी धरतो,” म्हणत सुहास पुढं झाले. वृंदानं मोबाइल काढला. फोटो निघाला, आणि पाठोपाठ दोर त्यांच्या हातातून सटकला. सगळे हसले. जुमा हसला नाही. ओलं कातडं उन्हात ताटकळलं की आक्रसायला लागतं, हे तिथं फक्त दोघांना कळत होतं.

मी साडीचा पदर खोचला, समोर बसले, ढोलाला पाय लावला आणि दोर धरला.

“आई!” प्रशांत म्हणाला.

मी ऐकलं नाही. जुमानं माझ्या पायाकडं पाहिलं, मग हाताकडं, आणि काही न विचारता त्याच्या बाजूनं ओढायला लागला. तो ओढायचा, मी धरायची. मग मी ओढायची, तो धरायचा. भाषा लागली नाही. कितीतरी वर्षांनी माझे दंड भरून आले. आणि त्याच भरात मी आमच्याकडच्या जाड कातड्याला ओढावं तसं ओढलं. टर्र असा आवाज आला. एक भोक फाटत आत गेलं होतं.

“शुवय, शुवय!” जुमा ओरडला. शुवय म्हणजे हळूहळू. “ये बकरा है, ऊंट नहीं!”

मी ओशाळले. त्यानं कातड्यावर बोट फिरवून फाटलेली जागा चाचपली, टोच्यानं जरा आत दुसरं भोक पाडलं, दोर नव्यानं ओवला आणि मान हलवली, चल. पुढचं सगळं मी त्याच्या तालानं केलं. शेवटची गाठ त्यानं मारली. मी अंगठ्यानं कातड्यावर टिचकी दिली. थप्प असा मेलेला आवाज आला. ओलं कातडं बोलत नसतं. ते वाळायला दोन दिवस लागतात, मग जाळावर धरून शेकलं की ढोल बोलतो. आमची हलगीही तशीच शेकतात. पण आम्ही त्या दुपारीच निघणार होतो, म्हणजे माझ्या हातचा तो ढोल मला ऐकू येणार नव्हता.

हात धुताना मी जुमाला विचारलं, हे काम तुमच्या घरात कुणी शिकवलं?

“दादा ने,” तो म्हणाला. “हमारा दादा गुलाम था. उस पार से लाया उसको, आफ्रिका से. अर्बाब के लिए ढोल बजाता था.”

अर्बाब म्हणजे मालक. त्यानं हे सांगताना आवाज खाली आणला नाही, की इकडंतिकडं पाहिलं नाही. हसनमिया मात्र चुळबुळले.

“अभी तो सब बराबर है ना, बाबा,” सुहास म्हणाले.

“हां, बराबर,” जुमा म्हणाला. “शादी में हमको पहले बुलाता है. हमारे बिना शादी नहीं होता. लेकिन शादी में लडकी नहीं देता.”

देवळाची पायरी, पायरीखालचा प्रसाद, हे सगळं मला कुणीतरी समुद्रापलीकडून हिंदीत सांगत होतं.

जुमानं माझ्याकडं वळून विचारलं, “और तुम कौन, अम्मा? ये हाथ किधर सीखा?”

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उत्तर ओठांवर होतं.

“टीचर हैं,” प्रशांत म्हणाला. “स्कूल में क्राफ्ट सिखाती थीं.”

जुमानं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग “अच्छा, टीचर,” असं म्हणून त्यानं राहिलेल्या दोराचं वेटोळं करायला घेतलं. निरोप घेताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवला. मला त्यानं नुसती मान लववली, टीचरला लववावी तशी. एवढा वेळ समोरासमोर दोर ओढून शेवटी मी त्याच्या दारातून परकी पाहुणी म्हणून बाहेर पडले.

गाडीत बसल्याबरोबर प्रशांतनं ओल्या कागदी रुमालांचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. “हात पूस, आई.” इरानं माझा तळवा हुंगला. “आजी, युवर हँड्स स्मेल लाइक अ झू,” ती म्हणाली आणि खदखदून हसली. मेघना हसली, मीही हसले. प्रशांत समोर रस्त्याकडं बघत होता. परतीच्या वाटेवर समुद्र आता उजवीकडं होता. तो तेवढाच निळा असणार. मी पाहिला नाही.

पुन्हा रुवी

घरी आल्यावर प्रशांतनं आवाज चढवला नाही. तो लहानपणापासून असाच आहे, रागावला की हळू बोलतो.

“तुला काय गरज होती?”

“कातडं वाळत होतं रे.”

“आई, तू महिन्याभरानं जाशील. मला इथं राहायचंय. इराला इथं वाढायचंय.”

“त्या माणसानं सांगितलं की सरळ, दादा गुलाम होता म्हणून.”

“आणि मग काय झालं? त्याला मुलगी दिली का कुणी?”

मला तेव्हा दिसलं, की जुमाचं बोलणं त्याच्याही आत गेलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूनं.

पुढच्या आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मेघनानं खूप हौसेनं केलं. तिळाचे लाडू घरी वळले, वाण म्हणून झाकणाचे डबे आणले, इराला हलव्याचे दागिने घातले. मस्कतमधल्या मराठी बायका जमल्या. इतक्या लांब, इतक्या उघड्या डोंगरांत नथी आणि काळ्या साड्या पाहून मला भरून आलं. मी विधवा, म्हणून आपणहून स्वयंपाकघरात थांबले. कुणी बस म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

बाहेर वृंदा सूरची गोष्ट रंगवून सांगत होती. काकूंनी कसा पदर खोचला, सुहासच्या हातून दोर कसा निसटला. बायका हसत होत्या. थोड्या वेळानं ती मसालादुधाचे रिकामे पेले घेऊन आत आली आणि दार लोटून घेतलं.

“काकू, रागावला नाहीत ना? मी गंमत म्हणून सांगितलं.”

“रागवायचं काय त्यात?”

ती जवळ आली. माझा हात हातात घेतला. “तुम्हाला एक सांगू? तुम्ही त्या दिवशी किती सुंदर काम करत होता! आणि प्रशांतची किती तारांबळ! मला बाई वाईटच वाटलं. अहो, आम्हाला सगळं माहितीये. पाच-सहा वर्षं झाली. इथल्या सोहार शहरात तुमच्याच तालुक्यातले एक जण असतात, त्यांनी सांगितलं होतं.”

मी हात सोडवून घेतला नाही. कुठं ठेवला असता?

“सगळ्यांना?” मी विचारलं.

“म्हणजे, आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांना. पण कुणी कधी विषय काढत नाही हं. प्रशांतला अवघड वाटेल म्हणून. आम्ही तसलं काही मानतच नाही, काकू.” तिचे डोळे खरंच ओले झाले होते. “तुम्ही त्याला सांगू नका मी बोलले म्हणून.”

मग तिनं पेले विसळून ठेवले आणि बाहेर गेली. बाहेर उखाणे सुरू झाले होते. मेघनानं घेतला तेव्हा वृंदाच्या टाळ्या सगळ्यांत जोरात होत्या.

सगळ्या गेल्यावर मेघना सोफ्यावर टेकली. दमली होती, पण चेहरा फुललेला. “आई, आज सगळ्या किती मोकळेपणानं बोलत होत्या ना? मला वाटतं, यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या पूजेला बसायला आमचा नंबर लागेल. दरवर्षी एक जोडपं बसवतात. आम्ही इतकी वर्षं वर्गणी गोळा करतो, मखर करतो, ढोलपथकाच्या पोरांना चहा देतो. पूजेचं मात्र दरवेळी काही ना काही होऊन राहून जातं.”

मी लाडवांचा डबा झाकत होते. झाकण नीट बसेना.

“लागेल नंबर,” मी म्हणाले.

राहिलेले दिवस मी शहाण्यासारखी राहिले. मत्रहचा बाजार पाहिला, लोबानाचा धूर घेतला, सुलतानाची मोठी मशीद पाहिली. तिथला गालिचा इतका मोठा आहे की आमची अख्खी गल्ली त्यावर जेवायला बसेल. कुणी विचारलं की सांगायची, मी शिक्षिका होते. ऐकणारी बाई “हो का, वा!” म्हणायची. आता मला तिच्या डोळ्यांतलं कळत होतं. ती मला सांभाळून घेत होती. तिथं सगळेच एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझा मुलगा रात्रंदिवस पहारा देत उभा होता.

त्याला सांगावं असं मला रोज वाटलं. बाबा रे, सोड आता, कळलंय त्यांना, मोकळा श्वास घे. पण मग पुढं काय? पूजेचा नंबर का लागत नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं असतं. आज तो समजतो की आपण नीट लपवलंय म्हणून हे लोक आपल्याला जवळ करतात. सांगितलं असतं तर, त्यांनी आपल्याला नेमकं किती जवळ केलंय, ते त्याला मोजून कळलं असतं. मी त्याची आई. ते माप मी त्याच्या हातात द्यायचं?

विमानतळावर त्यानं माझी बॅग ओढत दारापर्यंत आणली. आत त्याला येता येणार नव्हतं. इरानं मिठी मारली. मेघनानं नमस्कार केला. प्रशांत पाया पडायला वाकला, आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाला, “थँक्यू, आई. सूरला जरा घाबरलो होतो मी. पण नंतर तू सगळं नीट निभावलंस. कुणाला काही कळलं नाही.”

“नाही रे,” मी म्हणाले. “कुणालाच काही माहीत नाही.”

त्याचे खांदे सैल झाले. तो हसला. मोठेपणी तो असा हसलेला मी फार थोड्या वेळा पाहिलाय. मी त्याच्या गालावरून हात फिरवला, पासपोर्ट काढला आणि आत जाऊन रांगेत उभी राहिले.